फितूर कोण?

ज्या माणसाला आपण आपल्या पंगतीत कधी पाट मांडला नाही, तो शेजारच्या घरी जेवायला बसला आणि तिथे त्याला आग्रहाने वाढले गेले, की आपल्याला एकाएकी आठवण होते : अरे, हा तर आपला! मग दोन प्रकारचे लोक उठतात. एक म्हणतात, हा आपले मीठ विसरला. दुसरे म्हणतात, बघा, शेजाऱ्याच्या घरी गोडधोड शिजले ते आमच्याच माणसाच्या हातचे! या दोन्ही प्रकारच्या लोकांशी मला आज भांडायचे आहे. दिवाळीच्या अंकात भांडण नको, फराळाबरोबर काही खुसखुशीत हवे, असे वाचकांचे म्हणणे असते हे मी जाणतो. परंतु चकलीला तिखट घालावेच लागते.

भांडणाचे निमित्त तसे जुने आहे. २४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियात जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील महिला कबड्डीचा अंतिम सामना झाला. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला इराण. २०१० आणि २०१४ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके आपल्या मुलींच्या गळ्यात पडलेली होती. तिसरे तर घरचेच, असे समजून आपण दूरचित्रवाणीसमोर बसलो. इराणने सामना २७-२४ असा जिंकला. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी आपल्या पुरुषांना उपांत्य सामन्यात २७-१८ असे लोळवले होते. १९९० सालापासून सात वेळा सुवर्ण आणणारा आपला पुरुष संघ अंतिम सामन्यापर्यंतही गेला नाही. हुतूतू, ज्याच्या मातीत आपण लहानपणी गुडघे फोडून घेतले तो हुतूतू, एका दिवसाच्या अंतराने दोनदा आपल्या हातून निसटला.

आणि मग बातमी आली की इराणच्या मुलींना शिकवणारी बाई मराठी आहे. नाशिकच्या शैलजा जैन. नाशिकात वर्षानुवर्षे मुलामुलींना कबड्डी शिकवलेली ही बाई साठीच्या घरात असताना परदेशी गेली, शाकाहारी माणसाने जिथे पोटाचे हाल करून घ्यायचे अशा देशात राहिली, मुलींशी बोलता यावे म्हणून फारसी शिकली, त्यांना योगासने आणि प्राणायाम शिकवला आणि दीड-दोन वर्षांत त्या मुलींच्या हाती आशियाचे सुवर्ण दिले. भारतीय संघाला शिकवावे ही आपली इच्छा होती, ती संधी आली नाही आणि त्याचे आपल्याला वाईट वाटले, हे त्यांनी त्या वेळी पत्रकारांना मोकळेपणाने सांगितले.

झाले! त्या आठवड्यात गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत, एस. टी. त, शिक्षकांच्या खोलीत आणि जो तो हातात घेऊन फिरतो त्या मोबाइलवर मी जे ऐकले-वाचले ते येथे सगळे छापता येणार नाही. सभ्य भाषेत सांगायचे तर त्याचा सारांश एका शब्दात होता : फितूर.

मी पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला फितूर हे पात्र फार सोयीचे असते. गड का पडला याचा विचार करायचा म्हणजे दारूगोळा किती होता, तटाची डागडुजी कधी झाली होती, शिबंदीचा पगार किती महिने थकला होता, हे सगळे पाहावे लागते. त्यापेक्षा एका माणसाने रात्री दरवाजा उघडला म्हणून लिहिले, की प्रकरण संपते आणि वाचकही तृप्त होतो. सूर्याजी पिसाळाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, पण शिबंदीच्या थकलेल्या पगाराला आपल्या भाषेत शिवी नाही.

आता जरा इतिहास पाहू. कंटाळू नका, थोडाच आहे. हुतूतूचे नियम महाराष्ट्रातल्या मंडळींनी १९१८ च्या सुमारास बांधले, १९२३ साली ते छापले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनी स्पर्धा झाली. त्याआधी गावोगाव निराळे प्रकार होते. एकात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, त्याला संजीवनी म्हणत. एकात गेला तो गेला, ती गामिनी. एकात बाद होऊनही गडी मैदानातच राही, तो अमर. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले आणि त्यांनी तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. या जाण्यामागे एक वेड होते. आपला खेळ जगाने खेळावा, हे ते वेड.

हे वेड पुढे संघटनेचे धोरण झाले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आशियाई स्पर्धांत एखादा खेळ घ्यायचा तर तो एका देशाने खेळून भागत नाही, समोर प्रतिस्पर्धी लागतो. तो आधी तयार करावा लागतो. म्हणून १९७९ साली प्रा. सुंदर राम हे जपानला जाऊन दोन महिने तिथल्या लोकांना कबड्डी शिकवून आले. १९८० साली कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत कबड्डी प्रदर्शनापुरती आली आणि १९९० साली बीजिंगला तिला पदकांच्या पंगतीत पान मिळाले. या सगळ्या काळात आपण परक्यांना शिकवत होतो. चढाई कशी करावी, दम कसा राखावा, घोट्यावर झडप कशी घालावी, कोपऱ्यातल्या गड्याने साखळी कधी तोडावी, सगळे काही. त्या वेळी याला आपण काय म्हणत होतो? प्रसार! शाल आणि नारळ देण्याजोगे पुण्यकर्म!

मग आता मला कोणी सांगावे, की प्रसाराची फितुरी नेमकी कधी झाली? शिष्य हरत होता तोवर गुरू हा प्रसारक आणि शिष्य जिंकला त्या संध्याकाळपासून गुरू फितूर, असा हा हिशेब आहे काय? २०१२ साली पाटण्याला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराण आपल्याकडून २५-१९ असा हरला, २०१४ साली इंचॉनला ३१-२१ असा हरला. त्याच इंचॉनला त्यांच्या पुरुषांनी आपल्या पुरुषांना जवळजवळ बरोबरीत आणले होते, आपण कसेबसे २७-२५ ने वाचलो. म्हणजे हे गडी कित्येक वर्षे दार ठोठावत होते. आत झोपलेल्याला तो आवाज ऐकू आला नाही, याचा दोष दार वाजवायला शिकवणाऱ्याकडे कसा जातो?

कोणी म्हणेल, मास्तर, खेळ शिकवणे निराळे आणि आपल्याच मुलींविरुद्ध डावपेच आखणे निराळे. पराभूत संघातही महाराष्ट्राची मुलगी होती, सायली केरिपाळे. मराठी बाईने मराठी मुलीला हरवावे? ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. तिच्यात काही तरी आहे. आपल्या देशाचे गीत वाजत असताना आपण दुसऱ्या बाजूच्या बाकावर उभे राहणे, ही गोष्ट कोणाही माणसाच्या घशात अडकणारी आहे. पण शिक्षकाचा धर्म म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या घरातच आहे, त्यासाठी बाहेर जायला नको. द्रुपदाने द्रोणाचा वध करणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला आणि धृष्टद्युम्न जन्माला आला. त्या धृष्टद्युम्नाला अस्त्रविद्या कोणी शिकवली? द्रोणाने! ज्याच्या हातून आपले मरण आहे हे ठाऊक असलेल्या पोराला द्रोणाने शिष्य म्हणून घेतले. देवांच्या गुरूचा मुलगा कच हा दैत्यांच्या गुरूकडे संजीवनी शिकायला गेला आणि शुक्राचार्याने, पुष्कळ आढेवेढे घडले तरी, अखेर ती विद्या दिली. शुक्राचार्याला फितूर म्हटलेले माझ्या तरी वाचनात नाही. (एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट काढू नका. ती काढलीत तर प्रकरण द्रोणावर आणि आपल्या सगळ्यांवरच शेकेल. ज्याने मागून शिकायला हवे होते त्याला दारात उभे न करणे ही आपली जुनी सवय आहे.)

द्रोणाचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगून टाकतो. सरकारने खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू केला १९६१ साली. शिकवणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. मध्ये चोवीस वर्षे गेली. चोवीस वर्षे आपण असे धरून चाललो होतो की अर्जुन झाडाला लागतात! आणि खेळाडूंची तरी कुठे फार चैन होती म्हणा. १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे आमचे खाशाबा जाधव १९८४ साली गेले, अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

आता जरा दूरदेशीची गोष्ट सांगतो. स्कॉटलंड नावाच्या छोट्या देशात डम्बार्टन गावी १८६५ साली जॉन मॅडन नावाचा मुलगा जन्माला आला. गोदीत लोखंडी पत्र्यांना रिव्हेट ठोकणारा कामगार. फुटबॉल उत्तम खेळे. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाच्या अगदी सुरुवातीच्या संघात तो होता. देशाकडून दोनच सामने खेळला, पण त्यांत पाच गोल मारले. त्या काळी स्कॉटिश खेळाडूंची एक खासियत होती. इंग्रज गडी चेंडू घेऊन एकटाच मुसंडी मारी. स्कॉटिश गडी चेंडू एकमेकांना देत देत पुढे सरकत. ही विद्या घेऊन ते इंग्लंडात गेले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना गमतीने 'प्रोफेसर' म्हटले! शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या कामगारांना प्रोफेसर म्हणणारा तो समाज मला या एका बाबतीत तरी आवडतो. तर हा मॅडन १९०५ साली प्रागला गेला आणि स्लाव्हिया नावाच्या क्लबाचा शिक्षक झाला. किती वर्षे राहिला? पंचवीस. १९३० पर्यंत. शहरातल्या दुसऱ्या मोठ्या क्लबाचा, स्पार्टाचा, शिक्षकही पुढे एक स्कॉटिशच होता, जॉन डिक. म्हणजे प्रागचे दोन हाडवैरी क्लब, आणि दोघांचे मास्तर एकाच देशातून आलेले.

पुढे काय झाले ते पाहा. मॅडनच्या हाताखाली स्लाव्हियात आलेला प्लानिच्का नावाचा गोलरक्षक १९३४ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार होता, आणि तो संघ अंतिम सामन्यात पोहोचला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या संघाने प्रागला खुद्द इंग्लंडला २-१ असे हरवले होते. ज्या बेटाने जगाला फुटबॉल शिकवला त्या बेटाचा मोठा भाऊ असा शिष्यांकडून मार खाऊन घरी गेला. मॅडन परत फिरला नाही. तो १९४८ साली प्रागमध्येच वारला आणि तिथल्या ओल्शानी दफनभूमीत त्याची कबर आहे. स्लाव्हियाचे चाहते तिथे अजून फुले वाहतात. गोदीतल्या कामगाराच्या कबरीवर, परक्या देशात, त्याच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी!

हे वाचून आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला नवल वाटू नये. कयाधूच्या काठी नर्सी आहे. नामदेवांचे गाव. नामदेव इथून उठले आणि पंजाबात गेले, घुमानला राहिले. तिथल्या लोकांच्या बोलीत बोलले, त्यांच्यासाठी गायिले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ साली आपले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले, आणि आपल्या माणसाला परक्यांनी किती जपले म्हणून आपल्या साहित्यिकांचे ऊर भरून आले. मग विद्या घेऊन पंजाबात गेले तर संत आणि इराणात गेले तर फितूर? भक्ती आणि कबड्डी यांची बरोबरी करतो म्हणून कोणी रागावू नये. दम दोन्हीकडे लागतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे लोक गोड बोलतात म्हणून अधिक धोक्याचे. यांचे म्हणणे असे, की इराण जिंकला म्हणजे खरे तर महाराष्ट्रच जिंकला! एका नाशिकच्या बाईने हे केले, म्हणजे सुवर्ण आपलेच!

अहो, कसे आपले? ते सुवर्ण इराणच्या मुलींचे आहे. डोक्यावर हिजाब, अंगभर कपडे, घरच्यांची आणि दारच्यांची नजर, हे सगळे सांभाळून त्या मुली मैदानात उतरल्या. पहाटे उठून घाम त्यांनी गाळला. गुडघे त्यांचे सोलले. आपण काय केले? आपण त्यांच्या बाईला नाशिकात बसवून ठेवले होते. ज्या विजयासाठी आपण पै दिली नाही, वेळ दिला नाही, साधा मानही दिला नाही, त्या विजयाच्या प्रसादाला ओंजळ पुढे करायची, याला निलाजरेपणा म्हणतात. शैलजाबाईंना फितूर म्हणणारा माणूस निदान रागावलेला तरी असतो. त्याला काही तरी गमावल्याचे दुःख असते. हा दुसरा मात्र हारतुरे घेऊन येतो, बाईंच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो आणि निघून जातो. त्याला काहीच गमावल्यासारखे वाटत नाही. म्हणून त्याच्याकडून काही सुधारण्याची आशाही नाही.

मग गमावले कोणी आणि का? त्याच ऑगस्ट महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेतील आजीव अध्यक्षपद आणि अध्यक्षपदाची निवड दोन्ही रद्द ठरवली आणि कारभार प्रशासकाच्या हाती दिला. आजीव अध्यक्ष! संजीवनी, गामिनी आणि अमर हे तीन प्रकार मी वर सांगितले. खेळातून अमर हा प्रकार गेला, तो कार्यालयात जाऊन बसला असे म्हणायचे. निवडीबद्दल इतकी कुरबूर होती की स्पर्धेनंतर, १५ सप्टेंबरला, निवडलेल्या संघाने डावलल्या गेलेल्या खेळाडूंशी सामना खेळावा असा आदेश न्यायालयाने दिला. त्या दिवशी निवडलेला संघ मैदानावर आलाच नाही. जाकार्तात आपण का हरलो याचे उत्तर शोधायला जाकार्ताला जायची गरज नाही.

आणि पुरुषांच्या खेळात पैसा आला तो कसा वाटला गेला, तेही पाहा. २०१४ पासून प्रो कबड्डी सुरू झाली, कोट्यवधींच्या बोली लागू लागल्या. चांगले झाले, खेळाडूच्या घरात दोन पैसे गेले. महिलांसाठी २०१६ साली तीन संघांची एक स्पर्धा झाली, आणि एका हंगामात तिचा गाशा गुंडाळला. त्याच प्रो कबड्डीत मुंबईच्या यू मुंबा संघाने २०१८ साली प्रशिक्षक म्हणून कोणाला आणले? इराणच्या घुलामरझा माझंदरानी यांना! त्यांचा कर्णधारही इराणीच, फझल अत्राचली. ज्या मुंबईच्या लालबाग-परळच्या गल्ल्यांत गिरणीच्या पाळ्या संपवून माणसे हुतूतू खेळली, त्या मुंबईचा संघ इराणच्या माणसाकडून पकडी शिकला. मी त्याविरुद्ध नाही. उलट मला त्यात आनंदच आहे. विद्या अशीच फिरावी. पण मग इराणातल्या कोणी माझंदरानींना फितूर म्हणावे काय? आणि आपण त्यांच्याकडून शिकताना जी टाळी वाजवली, ती शैलजाबाईंच्या वेळी कुठे गेली होती? पुरुषाने विद्या विकली की तो व्यवसाय, आणि बाईने विकली की बेइमानी, अशी तर ही भानगड नाही ना?

"पैशासाठी गेली" हा शब्द मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तो मला सगळ्यात झोंबतो. पैशासाठी गेली असेल, तर उत्तम केले! शिकवणाऱ्याने फुकट शिकवावे ही आपल्या देशातली फार जुनी आणि फार पवित्र अशी लबाडी आहे. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्यभर मल्लखांब शिकवला, देशोदेशीच्या लोकांना तो चढायला लावला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशी निष्काम माणसे थोर खरीच. परंतु काही माणसे निष्काम असतात म्हणून बाकीच्यांना उपाशी ठेवण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

मी सिद्धेश्वरला राहतो. आमच्या इथे पूर्णा नदीवर धरण आहे, आणि 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. कबड्डीचेही तेच. ज्या प्रांतात हा खेळ बांधला गेला तिथल्या आमच्यासारख्या अनेक शाळांत खेळाच्या शिक्षकाची वेगळी जागा नसते. मराठीचा मास्तरच संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवतो. मी तो मास्तर. फक्कीने बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद चौकोन आखायचा, मधली रेष, निदान रेषा, बोनसची रेषा, आणि मग अनवाणी पोरी त्यात उतरतात. काय खेळतात म्हणून सांगू! एक मुलगी आहे, चढाईला जाताना असा काही अंगाला झोल देते की पकडायला आलेल्या तिघीजणी एकमेकींना पकडतात. पण मोठ्या स्पर्धा मातीवर होत नाहीत, मॅटवर होतात. मॅटवर बूट घालावे लागतात. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातलेली पोर पहिल्यांदाच पाहिलेल्या मॅटवर जाते आणि तिचा जन्मभराचा पायांचा अंदाज पाच मिनिटांत चुकतो. तिथे ती हरते. मग आम्हाला सांगण्यात येते, ग्रामीण मुलींत तंत्र कमी पडते!

एका वर्षी आमच्या मुली पुढच्या फेरीला गेल्या. सामन्याचे पत्र आमच्या हाती पडले तेव्हा सामना होऊन दोन दिवस झाले होते. कोणत्या कार्यालयाने ते पाठवले हे मी सांगत बसत नाही, कारण दुसऱ्या कार्यालयाने ते लवकर पाठवले असते असे मला वाटत नाही. मुलींना सांगितले तेव्हा एकही रडली नाही. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटले. चौदाव्या वर्षी त्यांनी ते गृहीतच धरलेले होते. दिवाळी झाली की काहींचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर चांगले खेळणारी एखादी कोपरारक्षकही जाते, धाकट्या भावाला सांभाळायला. दहावीनंतर उरलेल्यांपैकी पुष्कळांची लग्ने ठरतात. जे पालक खेळू देतात ते विचारतात, खेळाचे वाढीव गुण किती मिळतील? त्यांना मी दोष देत नाही. ज्या खेळाच्या पुढे काही रस्ताच दिसत नाही, त्याचे गुण तरी मोजून घ्यावेत, हा त्यांचा हिशेब बरोबर आहे.

या मुलींना मी जाकार्ताच्या सामन्याची गोष्ट वर्गात सांगतो. त्यांना शैलजाबाई फितूर वाटत नाहीत. त्यांना निराळेच प्रश्न पडतात. सामना चालू असताना त्या बाई मुलींना ओरडून मराठीत सांगत असतील की फारसीत? मी म्हटले, फारसीत, म्हणून तर त्या शिकल्या. तेव्हा एकजण हळूच म्हणाली, "मग सर, आपल्या मुलींना बाजूला उभं राहून काहीच कळलं नसेल." दुसरी म्हणाली, "त्या बाई साठ वर्षांच्या होऊन परदेशात शिकवायला गेल्या, तर त्यांच्या घरचे काही बोलले नाहीत?" तिसरीचा प्रश्न सगळ्यांत सरळ होता : इराणात बूट शाळेतून मिळतात का?

२०२३ साली हांगचौला आपण दोन्ही सुवर्णपदके परत आणली हे मला ठाऊक आहे. मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे, एका गुणाने हरवले; पुरुषांनी इराणला ३३-२९ असे, आणि तेही नियमाच्या वादावरून सामना कितीतरी वेळ थांबल्यानंतर. मीही त्या दिवशी पेढे वाटले. एका गुणाने जिंकलेल्या सुवर्णालाही सुवर्णाचाच भाव असतो. परंतु तैपेईच्या पोरी एका गुणापर्यंत आल्या, याचा अर्थ त्यांनाही कोणी तरी नीट शिकवते आहे. उद्या त्या जिंकल्या आणि त्यांच्या बाकावर आपल्यापैकी कोणी बसलेला दिसला, तर फितूर हा शब्द उच्चारण्याआधी एवढे विचारा : हा माणूस आपल्या गावात किती वर्षे शिकवत होता, त्याला महिन्याला काय मिळत होते, आणि त्याच्या पोरींना मॅट कधी मिळाली?

मॅट मिळावी म्हणून आमचा अर्ज गेलेला आहे. त्याला जोडायचे कागद तीनदा बदलून मागवले, तेही पाठवले. तोवर फक्की आणायची आहे, कारण दिवाळीची सुटी संपताच सामने आहेत आणि आमच्या चढाईच्या पोरीचे आईबाप कारखान्याकडे निघण्याआधी तिला आजीजवळ ठेवायला तयार करायचे आहे. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे.